सटवाई खेळवते म्हनून

"सटवाई खेळवते म्हणे! ऐका!" वार्डातल्या सगळ्यायले ऐकू जाईल असं डॉक्टर बोलला. "तुमच्यासारख्यांनी मुलं जन्माला घालायचीच कशाला?"

लोकं हासले. मी ओली बाळंतीन, खाली मान घालून उभी.

चूक झाली होती माही. आदल्या दुपारपासून लेकरू झोपेत तोंड चघळे, सायकल मारल्यावानी पाय हालवे. आमच्याकडं नवं लेकरू झोपेत ओठ हालवून राह्यलं की म्हन्तात, सटवाई खेळवते. मीबी तेच म्हनलं. वरून हासली, आई असून! त्याले झटके येऊन राह्यले होते.

मलकापूरच्या त्या दवाखान्यातून आमाले बुलढाण्याले पाठवलं. तिथल्या डॉक्टरीनबाईनं पयले विचारलं, "जन्मल्यावर लगेच रडलं होतं का?"

नव्हतं रडलं. निळं पडलं होतं. त्याच्या आधी मलकापूरच्या त्याच दवाखान्यात मी बाकड्यावर वरडून राह्यली होती, "बाई, डोकं खाली आलं!" सिस्टर म्हने, "नाटकं नको करू. साहेब जेवतायत." कापसाच्या जिनिंगातली मजूर बाई, तिच्या कळा म्हन्जे नाटकंच ना!

बाईनं समजावलं. जन्मताना मेंदूले हवा कमी पडली की झटके येतात. रक्तातली साखर उतरली, जंतू शिरले, तरीबी येतात. याले मात्र हवाच कमी पडली. मी विचारलं, "मी आधी दाखवलं असतं तं?"

बाई खोटं नाही बोलली. "औषध लवकर सुरू झालं असतं," म्हने.

ते काळजात रुतून बसलं. पोरगं आता चालायच्या वयाचं, अजून मान धरत नाही. त्याले भरवताना माहं ते हासनं आठोते अन् घास माह्या हातातच राह्यते.

पन त्या डॉक्टरनं मले एवढं लाजवलं, का माह्या कळांच्या टायमाले जेवत बसलेला साहेब तोच, ही त्याची चूक मले दिसलीच नाही किती दिवस. दिसली तवा पोराले कडेवर घेतलं अन् सरळ त्याच्या खोलीत घुसली.

"काय आहे?" तो म्हने.

"माही चूक मी जल्मभर वागवीन, साहेब. तुमची नाही वागवनार. आता आमच्या वस्तीतली बाई इथं आली की संग मी येईन. ती वरडली की तुमाले उठा लागन. नाही उठले, तं उठवाले मी हाव."

"बाहेर हो," तो म्हने.

"होत नाही," म्हनलं.