रस्त्याची दुसरी कड

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते आमच्या निर्मळ गावच्या दादांचे. नात्याने ते माझे कोणी नव्हेत. त्यांच्या केळीच्या वाडीत माझे वडील कामाला होते. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंतही कुणी पोचलं नव्हतं. मी बी.ए. झालो तो दादांच्या ओट्यावर अभ्यास करून. सकाळचा पेपर त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा, एवढीच त्यांची अट होती.

पहिलं पान ते मला वाचूच देत नसत. "सरकार पडलं तर गावात कळेलच. तू आधी माणसाची बातमी वाच." माणसाची बातमी म्हणजे आतल्या पानाच्या कोपऱ्यातली गंमत. माणसं रोजच्या जगण्यात कशी विचित्र वागतात, त्याबद्दल कुणाला तरी काहीतरी आढळलेलं असे. ती ऐकून झाली की दादा चुना लावलेलं बोट तसंच हवेत धरून म्हणत, "बघायचं का करून?"

आणि करून बघतच.

एकाची जांभई दुसऱ्याला लागते, असं मी वाचलं आणि त्याच आठवड्यात शेजारी सत्यनारायण होता. दादा भटजींच्या बरोबर समोर बसले आणि पोथी रंगात आल्यावर त्यांनी ऐसपैस जांभई दिली. भटजींचं वाक्य अर्ध्यावर लांबलं. मग यजमान, मग बायकांची अख्खी रांग. काकूंनी, म्हणजे दादांच्या पत्नीने, डोळे वटारले. "देवाच्या कामात तरी गप बसा हो!"

एकदा नाक्यावर ते नुसतेच चिंचेकडे मान वर करून उभे राहिले. तुम्हीही असं कधी पाहिलं असेल. बघता बघता सायकली थांबल्या. डोक्यावर फुलांची पाटी घेतलेली बाई म्हणाली, "काय हाय वर? कुनी चढलाय काय?" एक स्कूटरवाला ठामपणे म्हणाला, "साप. आत्ताच पानांत गेला." दादा हळूच गर्दीतून बाहेर आले. आम्ही घरी पोचलो तोवर त्या सापाचा रंगही गावाने ठरवून टाकला होता.

आठवलं की अजून हसू येतं. पण एक प्रयोग दादांनी हसत केला नाही.

त्यांचे धाकटे भाऊ शेजारच्याच घरात राहत. विहीर दोघांची एकच. त्या वर्षांत नायगावच्या बाजूला इमारती उठत होत्या आणि टँकर आमच्याकडच्या वाड्यांतून पाणी नेत. धाकट्या काकांनी आपल्या पाळीचं पाणी टँकरला दिलं. दादा म्हणाले, पाणी केळींचं आहे. त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि मग बोलणंच थांबलं. पुढे विहीर मचूळ झाली, टँकर यायचे बंद झाले, तरी अबोला तसाच राहिला.

एके सकाळी मी वाचलं, की दोन माणसं शेजारी शेजारी चालू लागली की नकळत त्यांची पावलं एकसारखी पडू लागतात. दादांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. "बघायचं का करून?" म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

दोघेही भाऊ संध्याकाळी देवळात जात, एकमेकांची वेळ टाळून. त्या दिवसापासून दादा भावाच्या वेळेला निघू लागले. रस्त्याच्या एका कडेने ते, दुसऱ्या कडेने धाकटे काका, मागे मी. वाटेतलं तळं येईपर्यंत चपलांचा आवाज एक झालेला असे. धाकट्या काकांच्या ते ध्यानात आलं की ते थांबून उगाचच चपलेचा अंगठा तपासत. दादाही पुढे जात नसत. कुणाच्या तरी कुंपणावरची जास्वंद न्याहाळत उभे राहत. मग पुन्हा दोघे चालू लागत.

काकू वैतागत. "अहो, पावलं कसली जुळवताय? तोंड उघडा की!"

"तोंड उघडलं की विहीर मध्ये येते."

"आणि पाय थकले म्हणजे?"

दादा चपला घालून निघाले.

मला जव्हारकडे शिक्षकाची नोकरी लागली. तिकडे असतानाच कळलं, की दादांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मुलीने त्यांना आणि काकूंना एव्हरशाईन वसाहतीतल्या आपल्या फ्लॅटवर नेलं. गाडी निघाली तेव्हा धाकटे काका आपल्या ओट्यावर उभे होते म्हणे. खाली उतरले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी निर्मळला आलो, तेव्हा दादांना एक पत्र टाकलं. काकूंनी ते वाचून दाखवलं. दादांना नीट बोलता येत नव्हतं. त्यांनी भावाला बोलावून आणा, अशी हाताने पुन्हा पुन्हा खूण केली. सकाळी निरोप धाडायचं ठरलं. सकाळ व्हायच्या आत दादा गेले.

पत्र काही मोठं नव्हतं.

"ती. दादांना साष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी धाकटे काका देवळात निघाले, तसा मीही निघालो. बराच वेळ आम्ही दोघांनीही तुमचं नाव काढलं नाही. तळ्यापाशी त्यांनीच विचारलं, 'चालतो का रे तो आता?' मी म्हटलं, 'धरलं तर उभे राहतात.' ते पुन्हा चालू लागले. पण दादा, ते अजूनही रस्त्याच्या आपल्याच कडेने चालतात. मला वाटलं, सोबत करावी, म्हणून मी दुसऱ्या, तुमच्या कडेला गेलो. ते जागच्या जागी थांबले. म्हणाले, 'तिथं नको. तू मागून ये.'"