ओलीला चौकट

काटकोन हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खऱ्या नावानं त्याला फक्त विजेचं बिल ओळखायचं. तो तसबिरींच्या दुकानात चौकटी करायचा. दवाखान्यात जावो, कचेरीत जावो, त्याची नजर आधी भिंतीवर जायची, आणि तिथली तिरकी तसबीर तो एका बोटानं सरळ करायचा. एकदा कुणाच्या सांत्वनाला गेला असताना, सगळे मान खाली घालून बसलेले, आणि हा उठून त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरीतलं जहाज समुद्राला समांतर करत होता. तेव्हापासून काटकोन. त्याला ते लागलं नाही. माणसाबद्दल याहून वाकडं बोललं जातं.

दुकानात मालक पुढे बसून गिऱ्हाइकाशी बोलायचा, काटकोन मागे काच कापायचा. त्याच्या हातांखालून पदव्या गेल्या, धबधबे गेले, साहेबाशी हात मिळवणारे असंख्य लोक गेले. सगळ्यात जास्त गेले ते वडील. जिवंतपणी ज्यांना घरात कुणी धड खुर्ची दिली नसेल, त्यांना मेल्यावर सोनेरी पट्टी मिळायची. मुलगे तासभर पट्ट्या निवडायचे आणि म्हणायचे, ‘त्यांना साधं आवडायचं, पण जरा उठून दिसेल असं द्या.’

त्याच्या स्वतःच्या घरात मात्र एक खिळा नव्हता.

“हलवाई कधी मिठाई खातो का?” तो बायकोला म्हणायचा.

“खात नसेल. बायकोला चाखायला तरी देत असेल.”

बायको एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर परक्यांच्या चादरी सरळ करून ती घरी यायची, आणि तिथं तिला सरळ करायला हा एकटाच असायचा. दोघांनी मिळून आयुष्यभर भाड्याच्या खोल्या बदलल्या आणि अखेर दोन खोल्या विकत घेतल्या. तिसरा मजला, दार उघडलं की समोर रुंद भिंत. त्या भिंतीवर ओल होती. खोल्या दाखवताना दलालानं तिथं एक कपाट उभं केलं होतं. कपाट त्याचं होतं, ते तो घेऊन गेला.

ओल वरच्या न्हाणीघरातून यायची. वर एक निवृत्त हेडक्लार्क राहायचे. त्यांनी आयुष्यभर ‘बघतो’ या एका शब्दावर कचेरी चालवली होती आणि निवृत्तीनंतरही त्यांना दुसरा शब्द सुचला नव्हता.

“बघतो म्हणजे काय बघता?” काटकोनची बायको जिन्यातून ओरडायची. “बघायचंय तर खाली या! भिंत आमच्याकडे आहे!”

ओल वाढत राहिली. आधी बशीएवढी होती, मग ताटाएवढी झाली. मग तिला हात-पाय फुटले आणि तिची तुलना भांड्यांशी करता येईना.

हे सगळं चाललं असतं, पण थोरल्या जाऊबाईंचा निरोप आला की पुढच्या रविवारी घर बघायला येते.

जाऊबाईंच्या घरी सोफा होता आणि सोफ्यामागच्या भिंतीवर, सोफ्याच्याच लांबीचा, एक सूर्यास्त होता. त्या वाईट नव्हत्या. त्या कौतुक करायच्या, हीच अडचण होती. धाकटीच्या प्रत्येक खोलीत शिरताना त्या क्षणभर थांबायच्या, चहूकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “बरं आहे हो तुमचं. आटोपशीर.” त्या शब्दावर कुढण्यात धाकटीची पुढची वर्षं जायची. या वेळी घर स्वतःचं होतं. या वेळी तो शब्द ऐकायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. निदान एक वस्तू घरात अशी हवी होती, जिच्यापुढे जाऊबाई गप्प बसतील.

“अहो, त्या भिंतीवर काहीतरी लावा.”

“ओलीवर काही टिकत नाही. मागून खाते ती.”

“जगभराच्या बापांना चौकटी ठोकता, आणि बायकोनं एक मागितली की ओल आड येते!”

त्यानं दुकानातून टाकून दिलेला एक धबधबा आणून लावला. चार दिवसांत पुठ्ठा फुगला, धबधब्याला बुरशी आली आणि खालचे खडक हिरवे झाले. बायको म्हणाली, खडक तरी खरे वाटायला लागलेत. पण तो धबधबा उतरवावा लागला.

तो उतरवल्यावर काटकोन भिंतीसमोर उभा राहिला. तो बराच वेळ हलला नाही, तेव्हा बायकोला वाटलं, याला चक्कर येतेय. त्याला चक्कर येत नव्हती. तो माप घेत होता. दुकानात आलेली वस्तू चांगली आहे की वाईट, हे त्यानं कधी ठरवलं नव्हतं. चौकटीनं कुठं थांबायचं एवढंच तो ठरवायचा. मधल्या तपकिरी ढगाभोवती पिवळी कड होती, वर राखाडी गर्दी, आणि उजवीकडे पोपडे उडालेली पांढरी जागा, जिला कुणाचीच सोबत नव्हती. ती जागा आत घेतली असती तर ओल, बाहेर ठेवली असती तरी ओल. पण अर्धी आत घेतली, तर?

दुकानात पट्ट्यांचे उरलेले तुकडे पडायचे. मालक ते जाळून त्यावर चहा करायचा. काटकोननं त्यांतले चार आणले, एकमेकांशी काहीही नातं नसलेले, आणि काळा रंग देऊन त्यांना सख्खे भाऊ केलं. चित्राभोवती कड म्हणून बसवतात त्या माउंटच्या पुठ्ठ्यात खिडकी कापली. काप तिरका, म्हणजे कडेला पांढरी रेघ दिसते आणि डोळा आपोआप आत घसरतो. काच नाही, पाठ नाही. मागे चारी कोपऱ्यांत बाटल्यांची बुचं चिकटवली, म्हणजे चौकट भिंतीपासून बोटभर दूर राहील आणि पुठ्ठा ओलीला लागणार नाही. मग ती रिकामी चौकट त्यानं ओलीभोवती टांगली.

बायको लाँड्रीतून आली आणि दारातच थांबली.

“हे काय?”

“चित्र.”

“माझ्या घराचं हसं करायचं ठरवलंय का तुम्ही?”

“जरा मागे सर. दारात उभी राहा. तुझ्या जाऊबाई जिथं उभ्या राहतील तिथं.”

ती मागे सरली. मग म्हणाली, “डावीकडची खुर्ची हलवा. आड येते.”

रविवारी जाऊबाई आल्या. दारात थांबल्या, चहूकडे बघितलं, ओठ ‘आ’ म्हणायला उघडले आणि तसेच राहिले.

“हे… कुठून आणलंत?”

“आणलं नाही, जाऊबाई,” धाकटी चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. “ह्यांनी घरीच केलंय. असं बाजारात नाही मिळत.”

“भाऊजींनी? भाऊजी, तुम्ही चित्रं काढता?”

“मी नाही काढलं,” काटकोन खरं तेच बोलला. “मी फक्त चौकट केली.”

“विनय बघा माणसाचा,” बायको घाईनं म्हणाली.

चहा झाल्यावर जाऊबाई उठून भिंतीजवळ गेल्या. नाक जवळजवळ टेकेपर्यंत गेल्या. वळल्या तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी होतं, जे धाकटीनं मत्सर म्हणून वाचलं आणि साठवून ठेवलं.

“आम्हालाही एक करून द्या ना, भाऊजी.”

“तुमच्याकडे कसं जमणार?” काटकोन म्हणाला, आणि बायकोनं टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

“वेळ नसतो हो ह्यांना,” ती म्हणाली. “बघू.” हेडक्लार्कांनी ते ऐकलं असतं तर त्यांना धन्य वाटलं असतं.

त्या आठवड्यात ती जिन्यातून गाणं म्हणत उतरायची. शेजारणींना बोलावून आणायची. एकीला त्यात घोडा दिसला, एकीला तिचा दीर. आणि नेमका त्याच आठवड्यात हेडक्लार्कांना पाझर फुटला. ते प्लंबर घेऊन दारात उभे.

“तुम्ही इतक्या वेळा आलात. मलाच लाज वाटली. आज करूनच टाकतो.”

“एवढी घाई कशाला?” ती म्हणाली. “तुमचं वय झालं. जिने चढउतार करू नका.”

हेडक्लार्क घाबरून वर गेले. भांडखोर बाई गोड बोलायला लागली, म्हणजे वकील केला असणार, असा त्यांचा कचेरीतला अनुभव होता. खालचे नवराबायको कामावर असताना त्यांनी मुकाट्यानं नळ्या बदलून घेतल्या.

चित्र सुकायला लागलं. आधी पिवळी कड गेली. ढगाचा रंग उतरला. राखाडी गर्दी पांगली. काटकोन म्हणाला, हे होणारच, भिंतीला बरं वाटतंय. लाँड्रीत चादरीवर पाणी फवारायची बाटली असते, तशी एक बायको घेऊन आली. रोज सकाळी, चहाच्या आधी, ती ओलीला पाणी घालायला लागली. कुठं किती फवारायचं हे तिच्या हाताला माहीत होतं. कडेला हलकं, मध्ये दोनदा, उजवीकडच्या पांढऱ्या जागेला बिलकूल नाही.

“वर्षभर जिला शिव्या दिल्यास, तिला आता पाजतेस,” काटकोन म्हणाला.

“तुम्ही तुमची चौकट बघा.”

गिलावा मात्र तिचं ऐकणारा नव्हता. जाऊबाई दुसऱ्यांदा आल्या, तेव्हा चौकटीच्या आतलं सगळं चित्र ताजं, टवटवीत आणि फुगलेलं होतं. त्या चहाचा पहिला घोट घेत होत्या, आणि मागे काहीतरी सुस्कारल्यासारखं झालं. ढग निघाला. मग त्याच्याबरोबर गर्दी निघाली. सगळं एका थाळीसारखं खाली आलं आणि फुटलं. चौकटीत उघड्या विटा उरल्या.

धाकटी उठली आणि झाडू आणायच्या निमित्तानं आत गेली. ती परत येईना. तेव्हा जाऊबाईच आत गेल्या. ती ओट्याला पाठ लावून उभी होती.

“म्हणा,” ती म्हणाली. “एकदाचं म्हणून टाका. ओल होती. चित्रबित्र काही नव्हतं.”

“मला पहिल्याच दिवशी कळलं.”

“कसं?”

“वासावरून. रोज घेते मी तो वास.” जाऊबाईंनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. “आमच्या सूर्यास्तामागे काय आहे असं वाटतं तुला? एवढा मोठा सूर्यास्त कुणी आवडीनं घेतं का? बुरशीनं दर दोन वर्षांनी बदलावा लागतो. म्हणून तर म्हटलं, भाऊजी, आम्हालाही एक करून द्या.”

धाकटी बघतच राहिली. जिला इतकी वर्षं काही कमी नव्हतं, तिला आता ओलही होती. आणि ती हिला सगळ्यात आधी सांगत होती. यातल्या कशाचं वाईट वाटून घ्यावं, हे तिला लवकर ठरवता येईना.

पुढच्या रविवारी काटकोन आणि ती जाऊबाईंकडे गेले. सोफा ओढला. दोघांनी धरून सूर्यास्त खाली उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. मागची ओल जमिनीपासून सूर्यास्ताच्या खिळ्यापर्यंत होती. तिच्यात हिरवा होता, गंजाचा लाल होता, आणि मध्येच एक काळी रेघ होती, जी कुठंच जात नव्हती. काटकोननं खिशातली मोजपट्टी काढली, पण उलगडली नाही. तो मागे मागे सरत थेट दारापर्यंत गेला.

“कशी आहे?” जाऊबाईंनी विचारलं. त्यांनी पदर दोन्ही हातांत धरला होता.

काटकोन काही बोलणार, तेवढ्यात त्याची बायको पुढे झाली. तिनं वरपासून खालपर्यंत नीट बघितलं, डोकं एका बाजूला कलवलं, दुसऱ्या बाजूला कलवलं.

“मोठी आहे,” ती म्हणाली. “पण जाऊबाई, खरं सांगू? जरा भडक झालीय.”