सकाळी परत ओतलेलं डिझेल

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धायरीत बाबांच्या घराच्या जिन्यात उभी होते. हातात एक कागद घेऊन, चांगली दहा मिनिटं. आत जाऊन कुठून सुरुवात करायची याची जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात रमावहिनीचा फोन... "सुजाता, हे गेले गं." मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि दार वाजवलं. बाबांना एवढंच सांगितलं की मिलिंददादा गेला. कागदावरची गोष्ट सांगायला तोंडच उघडलं नाही. आज पाच आठवडे झाले, ती दहा मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

माझा हा थोरला भाऊ वीस-बावीस वर्षं ट्रक चालवत होता. इथून गाड्यांचे सुटे भाग भरायचे आणि पार कोलकाता, गुवाहाटीपर्यंत पोहोचवायचे. त्याच्या केबिनमध्ये सीटमागे दहा दहा लिटरचे दोन कॅन कायम असत. नवीन असताना एका जंगलातल्या मुक्कामात, तो झोपलेला असताना, चोरांनी त्याची टाकी नळी लावून कोरडी केली होती. पुढचा पंप अकरा किलोमीटरवर, आणि हा चालत गेला. तेव्हापासून त्याने एक नेम केला. मुक्कामाला गाडी लागली की टाकीतलं वीस लिटर डिझेल कॅनमध्ये काढून घ्यायचं, कॅन पायाशी घेऊन झोपायचं आणि सकाळी ते परत टाकीत ओतायचं. टाकी लुटली गेली तरी पुढच्या पंपापर्यंत पोहोचण्याची सोय हवी, बस. वहिनी कुरकुरायची, "तुमच्या पांघरुणाला डिझेलचा वास येतो." तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला अत्तर भरून नेतो. बघू गाडी चालते का." कॅन मी लहानपणापासून पाहिले होते. ते दादा पंपावर वेगळे भरून घेत असेल असंच मी समजून चालले होते. विचारावंसं कधी वाटलं नाही.

मी इंजिनिअर झाले तेव्हा पुण्यात जो तो आयटीच्याच गोष्टी करत होता. कर्वेनगरात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमची नऊ जणांची कंपनी होती. ट्रकवर एक यंत्र बसवायचं. गाडी कुठे आहे, टाकीत डिझेल किती आहे, ते मालकाला ऑफिसात बसून दिसेल. आम्हाला पहिलं गिऱ्हाईक दादानेच मिळवून दिलं. मला स्कूटरवर मागे बसवून तो आपल्या मालकाकडे घेऊन गेला. "ही माझी बहीण. कॉम्प्युटरवाली," असं सांगताना छाती अशी फुगवली होती की मलाच लाजल्यासारखं झालं. मालकाला डिझेलची चोरी पकडायची होती. ती पकडायचा नियम मी लिहिला. इंजिन बंद असताना टाकीतलं डिझेल दहा लिटरहून जास्त उतरलं की गाडीच्या नंबरापुढे लाल खूण. डिझेल वाढल्याची नोंदही यंत्र करत होतं, पण ती कुणी मागितली नव्हती. म्हणून अहवालातून मी ती गाळून टाकली.

पहिल्याच महिन्यात दादाच्या गाडीपुढे अकरा लाल खुणा आल्या. मालकाने चारचौघांत त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. तो तिथून थेट माझ्या ऑफिसात आला. लिफ्ट बंद होती, धापा टाकत वर चढला होता. म्हणाला, "अगं, सकाळी परत ओततो ना मी. तेवढं नाही का दिसत तुझ्या मशीनला?" माझ्या शेजारी दोन सहकारी बसले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी खालच्या आवाजात म्हटलं, "दादा, मशीन खोटं बोलत नाही." तो म्हणाला, "बरं मॅडम," आणि जिना उतरून गेला. पुन्हा तो विषय त्याने माझ्यापुढे कधी काढला नाही.

बातमी बाबांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. बाबांनी बौद्ध म्हणून सारा जन्म पंचशील पाळण्यात घालवला, आणि त्यातलं दुसरं शील म्हणजे चोरी करायची नाही. पालिकेच्या नोकरीत साधी पेन्सिल घरी न आणलेला माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. फक्त दादाशी बोलणं टाकलं. दादा सणावाराला यायचा, त्यांच्या पाया पडायचा, ते भिंतीकडे बघायचे. नऊ वर्षं असं चाललं. ट्रकलाइनीत त्याला पुन्हा कुणी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. शाळेची व्हॅन चालवून त्याने घर चालवलं.

गेल्या वर्षी जुनी माहिती नव्या सर्व्हरवर हलवताना मला त्याच्या गाडीचा आलेख दिसला. रेघ संध्याकाळी वीस लिटरने खाली, रात्रभर सरळ, आणि पहाटे तेवढीच वर. पुढच्या मुक्कामाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. अकराच्या अकरा वेळा. मी तो आलेख कागदावर छापून घेतला. आणि तरीही सात महिने गप्प बसले. हे लिहिताना स्वतःची किळस येते, पण आहे ते असं आहे. तोवर मी मॅनेजर झाले होते.

दादाचं यकृत निकामी झालं तेव्हा दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सापडलं म्हणतेस? फार लवकर सापडलं. आता कुठली गाडी घेऊन निघू, सांग." मी रडायला लागले. मग त्याने माझा हात धरला. त्या हातात काही जोर उरला नव्हता. "माझं सोड. बाबांना सांग. एवढंच कर." हे मंगळवारी. बुधवारी मला मीटिंग होती. गुरुवारी हिंमत झाली नाही. वहिनी सांगते, तिन्ही दिवस तो विचारत होता, "सुजाता बाबांकडे गेली का?" शुक्रवारी मी जिन्यापर्यंत गेले.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर, दुसऱ्या दिवशी मी बाबांसमोर बसले. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आहे. म्हणून त्यांचं बोट धरून मी कागदावरच्या रेघेवरून फिरवलं. "हे खाली आलं ना, इथे त्याने कॅनमध्ये काढलं. आता सरळ चाललोय, तो झोपलाय. आणि हे वर... हे सकाळी परत ओतलं." त्यांनी बोट सोडवून घेतलं आणि स्वतःच चाचपडत ते पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. रेघ कागदावर हाताला थोडीच लागते, पण ते फिरवत होते. नियम कुणी लिहिला होता तेही मी सांगितलं. त्यांचं बोट तसंच फिरत राहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तो हेच मनात घेऊन गेला. बाप मला चोर समजतो."

"नाही बाबा," मी म्हटलं. "मी त्याला सांगितलं होतं. बाबांना सगळं कळलंय, ते तुला भेटायला येणार आहेत म्हणून."

"मग? काय म्हणाला?"

"हसला."

बाबांनी मान हलवली. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

माझा भाऊ चोर नव्हता. त्याच्या मालकाने, त्याला हसणाऱ्या ड्रायव्हरांनी, शाळेच्या फाटकात त्याच्याविषयी कुजबुजणाऱ्यांनी हे वाचावं, म्हणून मी हे लिहायला बसले. त्याचं नाव स्वच्छ करायचं तर सगळंच लिहायला हवं होतं, अर्धं गाळून चालणार नव्हतं. पण हे रविवारच्या ज्या पुरवणीत छापून येईल, ती बाबांना मीच वाचून दाखवते, त्यांच्या खाटेवर बसून, पहिल्या पानापासून. एखादं पान वगळलं की कागदाच्या आवाजावरून त्यांना कळतं. ते माझ्या मनगटावर हात ठेवतात आणि विचारतात, "सुजाता, काय गाळलंस गं?"