पाटीभर घास

माझी लेक पाच वर्षांची होईपर्यंत तिच्या जेवणानं माझ्या नाकी नऊ आणले होते. बारामतीत आमचं दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. मी नोकरीच्या घाईत, आणि ही गालात घास धरून खिडकीतून बाहेर बघत बसलेली. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, सगळ्या पाहुण्यारावळ्यांच्या नावाचे झाले. मग मोबाइल आला. कार्टून लागलं की तोंड उघडायचं, संपलं की मिटायचं. मी आधीच तापट. शेवटी शेवटी तिचे गाल दाबून चमचा आत सारायचे आणि नंतर मोरीत जाऊन रडायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, वजनही वाढत नाही, मूल कसं खातं-खेळतं पाहिजे. दिवाळीनंतर परत वजनाला बोलावलं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन अंथुर्ण्याला भावाकडं गेले. त्याचा थोडा ऊस, दोन गाई आणि एक कालवड. दारात 'जय भीम' झाल्याबरोबर मी त्याच्यापुढं रडगाणं लावलं. ते ऐकून घेऊन तो गाईंना पाणी पाजायला निघून गेला, ह्याचा मला रागही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगणातून भाचीला हाक मारली, "चल गं बाय, पाटीभर घास आणू."

लेक उठली ती थेट कपाटामागं. दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी. "मला नको घास," बोटांच्या फटीतून म्हणाली, "पाटीभर तर नकोच."

आमच्याकडं जनावरांच्या हिरव्या चाऱ्यालाही घासच म्हणतात. मेथीसारख्या पानांचा असतो, गाई आवडीनं खातात. शहरात वाढलेल्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार? भाऊ पोट धरून हसला. मला मात्र हसू येईना. ज्या शब्दाला पोरगी भ्यायली होती, त्याची भीती मीच घातली होती.

त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि शेतात नेलं. विळा त्याच्याकडं, वाहतूक हिच्याकडं. कापलेला घास छोट्या पाटीत भरायचा, डोक्यावर घ्यायचा, बांधावरून पळत गोठ्यात जायचं, कालवडीपुढं टाकायचा आणि परत. मी बांधावरून ओरडत होते, पडशील, ऊन लागेल, पायात काटा जाईल. भावानं मला लिंबाखाली बसवलं आणि म्हणाला, पडली तर उठंल. ती दोनदा पडली. दोनदा उठली. खेपा किती झाल्या ते मोजायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

दुपारी ताटावर आली तेव्हा गाल लालबुंद झाले होते. वहिनीनं ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. भाजीकडं बघून लेक म्हणाली, "हा घासच की." मला वाटलं, हीच संधी. तुकडा मोडून तिच्या तोंडाशी नेला. तिनं मान फिरवली आणि मामाच्याच बोलीत मला समज दिली.

"आई, तोंडात न्हाय सारायचं. समोर धरायचं आन् गप बसायचं. भूक तिची हाय, तिला कळती."

सकाळी मामानं कालवडीबद्दल सांगितलेलं होतं ते. मी ताट तिच्यापुढं सरकवलं आणि हात मांडीखाली घालून बसले. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नव्हतं. अर्धी भाकरी गेली. वर शेंगदाण्याची चटणी मागून घेतली.

दिवाळीनंतर काटा थोडाच सरकला, पण डॉक्टरीणबाई खूश होत्या. आता मंडईतली भाजी लेक मामानं दिलेल्या पाटीतून तीन जिने चढवते. वर आलं की मी कालवड. ती मला टेबलाच्या पायाला ओढणीनं बांधते, आणि मी हंबरल्याशिवाय जेवायला बसत नाही.

परवा ऑफिसातून उशिरा आले. डोकं तडकलेलं, दुपारचा डबा तसाच परत आणलेला. लेकीनं पिशवीतला डबा उघडून बघितला. भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून माझ्यासमोर धरला आणि गप बसून राहिली. मी नको म्हटलं, तरी हात तसाच होता. इतकी वर्षं तिच्या भुकेमागं धावताना माझ्या भुकेची चौकशी मीसुद्धा केली नव्हती.

मग मीच पुढं झाले आणि घास खाल्ला.