स्पंजवाले काका

आमच्या आत्याचे यजमान समुद्री जिवांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत भांडारपाल होते. हातमोजे आणि काचेच्या बाटल्या द्यायच्या, सही घ्यायची, एवढंच काम. पण निवृत्त झाले ते थेट शास्त्रज्ञ होऊनच.

संस्थेतले पाणबुडे खडकांना चिकटून वाढणारे स्पंज नावाचे जीव काढून आणत आणि प्रयोगशाळेत त्यांचा अर्क काढला जाई. एकदा अशा एका अर्काने काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी मारल्या. लोक नाचायला लागले तेव्हा तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, "हुरळू नका. बशीतल्या पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात. माणसाला चालेल का, ते कळायला वर्षं जातील." काका चहाचा कप घेऊन तिथेच उभे होते. त्यांच्या डोक्यात एवढंच शिरलं, की स्पंज म्हणजे औषध. मुळात डोक्यात जागाही तेवढीच होती.

घरी बसल्यावर ते बंदराच्या भिंतीवरून हाताला लागेल तो स्पंज खरवडून आणू लागले. तो आत्याच्या मिक्सरमध्ये फिरवायचा, दारूत भिजवायचा, फडक्याने गाळायचा. घरभर कुजका वास. आत्याने नाक मुरडलं की म्हणायचे, "तुला काय कळतंय यातलं?" जसं काही त्यांना कळत होतं! गुडघा, दमा, केस गळणं, सगळ्यांवर तीच तपकिरी बाटली.

त्यांच्या थोरल्या भावाचे गुडघे दुखायचे. धाकटा एवढ्या शिकलेल्या लोकांत वावरलाय, या भाबड्या विश्वासाने दादांनी आठवडाभर चमचा चमचा घेतला. तोंड सोललं, घशाला सूज आली, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. रुग्णालयात आत्याच्या जाऊबाई रडत होत्या आणि हे महाशय त्यांना समजावत होते, "वहिनी, आतलं विष बाहेर पडतंय. लक्षण चांगलं आहे."

आत्या तिथून तडक घरी गेली आणि बाटली घेऊन परत आली. सगळ्यांसमोर तिने चमचा भरला.

"घ्या."

"मला कुठे काय झालंय?"

"तुमचेही गुडघे दुखतात. घ्या ना."

काकांनी घड्याळ पाहिलं, बाहेर काही काम असल्याचं पुटपुटले आणि सटकले. दादा वाचले, पण यकृत कायमचं अधू झालं.

पुढे काकांच्याच मानेत गाठ आली. तेव्हा मात्र बाटलीकडे ढुंकूनही न बघता ते मोठ्या डॉक्टरांकडे धावले. गाठ कर्करोगाची निघाली, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, "यातल्या एका औषधाची कल्पना मुळात समुद्री स्पंजावरूनच सुचली. आता ते कारखान्यात बनतं."

झालं! केस गेलेले, अन्न पोटात ठरत नाही, पण हा गृहस्थ खाटेवर उठून बसला. "बघ, मी काय सांगत होतो!"

आत्या म्हणाली, "तुम्ही सांगत होतात, त्यांनी तपासलं. आता पडून राहा."

काका बरे झाले. मानेवर मफलर गुंडाळून आता बागेतल्या बाकावर लोकांना समुद्राचे गुण ऐकवतात, आणि ऐकणारे मूर्खही भेटतात. आत्या त्या वेळात दादांकडे जाते. त्यांचं पथ्याचं जेवण तीच करते. काका तिकडे एकदाही फिरकलेले नाहीत.