हात आवरायला शिकवणारा उस्ताद

वाटूर फाट्यावर तीस वर्षं ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त केलेला, दहावी नापास तातेराव जालन्यात इंजिनिअरांना शिकवतो म्हटल्यावर लोक फिदीफिदी हसले. हसू द्या! युरोपातल्या बॅटरी कारखान्यांसाठी पोरं-पोरी तयार करणाऱ्या त्या केंद्रात पुस्तकातलं शिकवायला मोठमोठे सर होते. तातेराव एकच गोष्ट शिकवायचा, हात आवरायला.

"आपली खोड काय? काहीबी करून चालू करायचं!" असं म्हणत तो गालावरचा डाग दाखवायचा. 'चालतंय की' म्हणत जोडलेली बॅटरी एकदा तोंडावर फुटल्ती, त्या ॲसिडचा तो डाग. "शंका आली की पाना खाली, दोन पावलं मागं, हात वर. मंग समोर कलेक्टर का असंना."

परीक्षा घ्यायला जर्मनीहून बाई आल्या. दोन तासांत सोळा सेलांचा पॅक जोडायचा, जोडला तरच निवड. अंतरवाली सराटीच्या प्रीतीवर तातेरावचा भारी जीव. पोरगी हुशार, पण दोनदा निवड हुकलेली आणि ही शेवटची संधी.

बारा सेल जोडून झाले आणि प्रीतीनं पाना खाली ठेवला. दोन पावलं मागं सरली, हात वर केला.

बाहेर उभ्या तातेरावनं काचेला नाक लावलं. मीटरवरचा आकडा तर बराबर होता! शेजारची पोरं पटापट उरकत होती. आणि खरं सांगायचं तर उस्तादाच्याच मनात आलं, जोड की गं बाई, जल्दी जोड, एवढ्यानं काय होतंय!

प्रीती बिलकुल हलली नाही. तिनं इंग्रजीत ठणकावून सांगितलं की एक सेल किंचित फुगलाय, असला सेल जोडला तर पेट घेऊ शकतो, मीटर काहीही म्हणो, ती हात लावणार नाही.

बाईंनी त्या सेलवर लोखंडी पट्टी आडवी ठेवली. पट्टी डुगडुगली. हा सेल कुणी मुद्दाम ठेवलेला नव्हता, तो बाईंच्याही नजरेतून सुटला होता. त्यांनी सगळ्यांचं काम तिथल्या तिथं थांबवलं, सेल बाहेर नेला आणि निवडीच्या यादीत पहिलं नाव अर्धवट पॅकवालीचं लिहिलं.

प्रीती धावत बाहेर आली. "उस्ताद, तुम्ही सांगितलं तस्संच केलं!"

तातेरावचे डोळे भरले, पण छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली. "न्हाई पोरी," तो म्हणाला, "मी तर मनातून जोड जोड म्हणून राह्यल्तो. माझं ऐकलं न्हाईस, म्हणून तू माझी खरी शागीर्द."