मतवाली काकू आणि ‘घाटातली’

मतवाली काकूंकडे पुस्तक मिळायचं ते एकाच अटीवर. परत करताना मत द्यायचं. मत नाही, तर पुढचं पुस्तक नाही. ‘चांगलं आहे’ हे त्या मत धरत नसत. “चांगलं तर लोक चहाले पण म्हणते,” त्या म्हणायच्या, “तुले काय वाटलं ते सांग.” म्हणून त्यांचं नाव मतवाली पडलं. आता रायपूरच्या हिंदीत मतवाली म्हणजे नशेत झुलणारी. गल्लीतले लोक ते नाव घेताना थोडं हसायचे, आणि काकूंना दोन्ही अर्थ पसंत होते. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेली, पिकल्या केसांची ही बाई दुपारी खुर्चीत मान मागे टाकून बसली, की खरंच कुठेतरी झुलत असल्यासारखी दिसायची.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात त्यांच्या घराखाली साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे. तिथे मी मशीनवर बसते. मी मूळची पुसदकडची. नवरा पंडरीच्या कपडा बाजारात गठ्ठे बांधतो, त्याच्यामागे मी इथे आले तेव्हा या शहरात मला नावाने हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं. शाळा माझी आठवीत सुटली. काही मोठं कारण झालं नाही. धडा मोठ्याने वाचताना मी एका शब्दापाशी अडले, वर्ग हसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले नाही. घरी कोणी विचारलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटली. असं करता करता शाळा मागे राहिली. त्यामुळे एकदा काकूंची साडी द्यायला वर गेले, आणि त्यांनी कपाटाकडे बोट करून “घे न एखादं,” म्हटलं, तेव्हा मी हात मागे घेतला. पुस्तकाची भीती नव्हती. मत मागतील याची होती.

काकूंच्या डोळ्यांचं एक विचित्र होतं. मधलं दिसणं गेलं होतं, कडेचं राहिलं होतं. माणसाकडे पाहायचं तर त्या जरा बाजूला पाहायच्या. समोर बसलेल्याला वाटायचं, या माझ्या खांद्यामागच्या कोणाशी तरी बोलताहेत. छापलेलं अक्षर त्यांना वाचता येणं बंद झालं होतं आणि डॉक्टरांनी आता फरक पडणार नाही म्हणून सांगितलं होतं. पुस्तकं नेणाऱ्या बायका म्हणायच्या, आम्ही वाचून दाखवतो. काकू नको म्हणायच्या. “वाचून दाखवलं की एकच पुस्तक होते. पाच जणींनी मत दिलं की माह्ये पाच पुस्तकं होते.” रविवारी विहारातली वंदना आटोपली की त्यांच्या समोरच्या खोलीत आम्ही जमायचो, आणि काकू डोळे मिटून आमच्या तोंडांतून वाचायच्या.

‘घाटातली’ त्यांच्याकडे आली ती डोळे गेल्यावर. रद्दीवाल्याने दुसऱ्या पुस्तकांबरोबर आणून दिली. वरचा पुठ्ठा आणि पहिली पानं नव्हती, त्यामुळे नाव, लेखक काही कळायला मार्ग नाही. गोष्ट घाटातल्या एका गावात घडते म्हणून ती घाटातली. एक शाळेची बाई त्या गावात बदली मागून येते, कारण तिची मोठी बहीण तिथेच एका रात्री दरीत पडून गेलेली असते आणि कसं ते कोणी सांगत नाही. तिला रोज शाळेत सोडणारा जीपचा ड्रायव्हर असतो, अडाणी, कमी बोलणारा. दोघांचं मन जुळतं. आणि शेवटी कळतं, त्या रात्री ती बहीण त्याच्याच जीपमध्ये होती. ब्रेक लागला नाही, हा बाहेर फेकला गेला, वाचला, आणि भीतीने इतकी वर्षं गप्प राहिला. शेवटच्या पानावर धुक्यात तो तिला हे सांगतो. ती खूप वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, “तुला शिक्षा मीच देणार. उद्या सकाळी शाळेत ये.” बस. पुस्तक संपलं.

या पुस्तकाने आमच्या खोलीची वाटणी केली. अकोल्याहून लग्न होऊन आलेल्या कुंदावहिनी म्हणायच्या, अर्धं पुस्तक नुसतं धुकं आणि चहा, गुन्हेगार कोण ते आपल्याला आधीच कळते आणि त्या बाईला शेवटपर्यंत कळत नाही, मग ती शिकवते तरी काय? रायपुरातच जन्मलेल्या सरोजदीदी मात्र ते वाचून दोन दिवस कामावर डोळे सुजवून गेल्या. शेजारच्या मेश्राम मास्तरांनी प्रेमाची पानं गाळून वाचली आणि सांगितलं, रहस्य झकास आहे. त्यांच्या बायकोने दरीची पानं गाळून वाचली आणि सांगितलं, काय सुंदर प्रेम आहे. काकू म्हणाल्या, “पाह्य, नवराबायकोनं मिळून एक कादंबरी वाचली.”

पण खरं भांडण त्या एका शब्दाचं. आमच्याकडच्या मराठीत शिक्षा म्हणजे सजा. इथल्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. सरोजदीदी मराठी वाचतात, पण त्यांचा कान हिंदीचा. त्यांचं म्हणणं, बाई त्या अडाणी माणसाला क्षमा करते आणि उद्यापासून लिहायला-वाचायला शिकवणार आहे. कुंदावहिनींचं म्हणणं, उद्या शाळेत पोलीस बसवलेले असणार.

“टीचर है न वो,” सरोजदीदी म्हणाल्या. “शाळेत बोलावून राहिली. शाळेत कोणी सजा देते का?”

“आमच्या शाळेत तर तेच देत होते,” कुंदावहिनी म्हणाल्या.

काकूंना हिंदी आणि मराठी दोन्ही पक्क्या यायच्या. त्यांनी एक शब्द टाकला असता तर निकाल लागला असता. पण त्या निकाल द्यायच्या नाहीत. एकदा आम्ही फार मागे लागलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, “मले कधीकधी दुपारी तो दिसते. शाळेच्या फाटकापाशी उभा आहे. पण हातात पाटी आहे का बेडी, ते नाई दिसत. मधलंच दिसत नाई न मले.” बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, कूलरची जाळी टपटप गळत होती, आणि शपथेवर सांगते, मला वाटलं, की पडद्यामागे धुकं उतरलं आहे.

मला त्यांनी मत द्यायला कसं शिकवलं ते सांगते. एका संध्याकाळी म्हणाल्या, चल, तेलीबांध्याला तलावावर जाऊ. ऑटोने गेलो. काठावर बसल्यावर त्यांनी विचारलं, आज तलाव कसा आहे? मी म्हटलं, पाणी आहे. “पाणी तर नळालेबी येते,” त्या म्हणाल्या. मी घाबरून नीट पाहिलं. पलीकडच्या उंच इमारतींचे दिवे पाण्यात लांब लांब झाले होते. मी म्हटलं, कोणीतरी दिवे धुवायला टाकल्यासारखे वाटतात, अजून पिळले नाहीत. काकू बाजूला पाहत हसल्या, म्हणजे माझ्याकडे पाहूनच हसल्या. “हव,” म्हणाल्या, “आता दिसला मले तलाव.” त्या रात्री घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं, काय झालं, एकटीच काहून हसून राहिली? माझ्या डोळ्यांनी कोणी काही पाहिल्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढच्याच रविवारी त्यांनी ‘घाटातली’ माझ्या हातात दिली. सगळ्यांची झाली होती, माझीच राहिली होती. आणि त्याच रविवारी त्यांनी सांगितलं, की भोपाळचा मुलगा त्यांना घेऊन जातो म्हणतो. एकटीने राहणं आता बरं नाही, जिना आहे, गॅस आहे. मुलाचं काही चुकत नव्हतं. सरोजदीदी रडायला लागल्या तेव्हा त्यांचं मन हलकं करायला काकू माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “इचं मत आल्याशिवाय मी काही हालत नाई इथून.”

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मला ते खरं वाटलं. शिकलेल्या माणसाला अशा गोष्टी खऱ्या वाटत नसतील, पण मी त्या दिवसापासून ती कादंबरी थेंबाथेंबाने वाचायला लागले. एक पान वाचायचं आणि मागे जाऊन पुन्हा तेच वाचायचं. रविवारी काकू विचारायच्या, झालं का? मी म्हणायची, थोडं राहिलं. कुंदावहिनी वैतागायच्या, अहो ते पुस्तक आहे का लोणचं, किती मुरवाल? मी खाली मान घालायची. मशीनवर फॉल लावताना सुईखालून साडी सरकायची आणि मनात तो जीपवाला वळणावळणाने गाडी हळू करायचा. आम्हा दोघांनाही मुक्कामाला पोचायचं नव्हतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि काकू अजून तात्यापाऱ्यातच होत्या. मला वाटायचं, धरून ठेवलंय मी.

मग एका दुपारी दुकानात निरोप आला, मुलगा गाडी घेऊन आलाय, उद्या सकाळी निघताहेत, काकूंनी पुस्तक घेऊन वर बोलावलंय.

खोलीत सामान बांधलेलं होतं. पडदे काढल्यामुळे फार उजेड होता. मुलगा बाजारात गेला होता. काकू खुर्चीत बसल्या होत्या. मी म्हटलं, अजून शेवटचं पान राहिलं आहे. हे खरं होतं.

“मग वाच,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं वाच. आज मले ऐकू दे.”

वाचून दाखवणं नको म्हणणाऱ्या काकू आज तेच मागत होत्या, आणि मोठ्याने वाचणं मी आठवीत जिथे सोडलं होतं तिथेच होतं. मी सुरू केलं. दोन ओळींनंतर अडले. जोडाक्षर होतं, धुक्यासारखं समोर होतं आणि हाताला लागत नव्हतं. काकूंनी शब्द पुरवला नाही, घाई केली नाही, हसल्या नाहीत. वाट पाहत बसल्या, जशा एरवी बसायच्या. तो शब्द आला. मग पुढचा आला. ड्रायव्हर बोलला, बाई गप्प राहिली, आणि मी ती शेवटची ओळ वाचली. खोलीत पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

“आता मत.”

मी म्हटलं, “मले वाटते, काकू, सजा का शिकवण, ते मागून पाहू. पयले तो सकाळी शाळेत आला पाहिजे. आला असंन, तर कायतरी भेटलंच असंन त्याले. नाई आला, तर दोन्हीबी गेलं.”

मला वाटलं, चुकलं. मग काकूंनी हात पुढे केला, हवेत जरा चुकीच्या जागी, आणि मी तो धरला. त्यांनी विचारलं, सकाळी येशीन न? मी म्हटलं, नवरीच्या साड्या आल्यात, सकाळीच द्यायच्या आहेत, जमणार नाही. असं काही नव्हतं. मला कोणाला जाताना पाहवत नाही. गाव सोडतानाही आईला दारात येऊ दिलं नव्हतं. त्या “बरं,” म्हणाल्या. पुस्तक माझ्याकडेच ठेव म्हणाल्या.

सकाळी मी डबा केला, नवऱ्याला दिला, भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. नवरा दाराशी चप्पल घालत थांबला आणि म्हणाला, तू जाऊन राहिली का नाई? मी म्हटलं, कुठं? त्याने जाताना दार उघडंच ठेवलं. मी ओले हात पदराला पुसले आणि निघाले. रस्ताभर वाटत होतं, गेली असेल गाडी, गेलेली बरी. तात्यापाऱ्याच्या वळणावर माझे पाय पळायला लागले.

गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मुलगा डिकीत पिशव्या बसवत होता. मला पाहून म्हणाला, “किससे मिलना है, दीदी?” मी धापा टाकत उभी राहिले. मागच्या सीटवर काकू बसल्या होत्या, चेहरा दुसऱ्याच बाजूला, म्हणजे माझ्याकडे.

“आला वं तो शाळेत,” काकू म्हणाल्या.

“कौन आया, माँ?” मुलाने विचारलं.

“तेरे को नहीं मालूम,” त्या म्हणाल्या. “दरवाजा खोल.”

त्याने दार उघडलं. डिकीत पिशव्या बसवून निघेपर्यंत थोडा वेळ होता. मी आत, त्यांच्या शेजारी बसले.